घराची खिडकी आणि रस्त्याचा गोंगाट



डोळ्यांना पापणी आहे; कानांना नाही. नको ते दृश्य समोर आले तर आपण डोळे मिटून घेतो, परंतु नको तो आवाज आला असता कान मिटून घेता येत नाहीत. झोपेतही ते जागेच असतात. रात्री दाराशी कोणी हाक मारली की आपण दचकून उठतो, ते याच कारणाने. निसर्गाने ही योजना आपल्या रक्षणासाठी केली खरी. पण ती केली तेव्हा रात्रभर धावणाऱ्या मालमोटारी नव्हत्या. आज पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ पेडणे, म्हापसे, पणजी, मडगाव, काणकोण असा आपल्या गोव्याची सारी लांबी कापीत जातो. त्याच्या दोन्ही अंगांना आणि त्याला मिळणाऱ्या रस्त्यांच्या कडेला शेकडो घरे आहेत. त्यांतील कित्येक घरांत तुमच्यापैकी कोणी ना कोणी रात्री अभ्यासाला बसत असेल.

अशा घरातील वडील माणसांना विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "सवय होते!" या उत्तराचा थोडा खोलवर विचार करावा आणि मग घरात शिरणारा गोंगाट कमी करण्याचे कोणते उपाय आपल्या हाती आहेत ते पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे. मी भाषा शिकविणारा शिक्षक. ध्वनिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु कान आणि भाषा यांचा संबंध इतका जवळचा आहे की हा प्रश्न मला माझ्याच वर्गातला वाटतो.

न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनच्या उत्तर भागी एका महामार्गाच्या अगदी वरच बत्तीस मजल्यांच्या इमारती बांधलेल्या आहेत. शेल्डन कोहेन, डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या तीन मानसशास्त्रज्ञांनी तेथे राहणाऱ्या शाळकरी मुलांची पाहणी केली व १९७३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खालच्या मजल्यांवर गोंगाट अधिक, वरच्या मजल्यांवर कमी. मुलांना उच्चाराने जवळजवळ असलेले शब्द ऐकवून त्यांतील भेद ओळखावयास सांगण्यात आले. खालच्या मजल्यांवरील मुलांना तो भेद ओळखणे अधिक जड गेले आणि वाचनातही ती मागे असल्याचे दिसून आले. चार वर्षे किंवा अधिक काळ तेथे राहिलेल्या मुलांत तर हा परिणाम विशेष ठळक होता. म्हणजे सवय होण्याने त्रास संपला नव्हता. उलट जितकी सवय जुनी तितकी हानी मोठी. याची उपपत्ती अशी लावली जाते की, सतत गोंगाटात राहणारे मूल आवाजाकडे लक्ष न देण्यास शिकते. पण कोणता आवाज सोडून द्यावा आणि कोणता धरावा हा विवेक त्याला साधत नाही. मालमोटारीच्या घरघरीबरोबर ते बोलण्यातील बारकावेही सोडून देऊ लागते.

हे बारकावे म्हणजे काय, ते मराठीतच पाहा. पळ आणि फळ, साल आणि शाल, वात आणि वाट. या जोड्यांत सारा भेद एका व्यंजनाचा आहे आणि व्यंजने स्वरांपेक्षा क्षीण असतात. गोंगाटात 'आ' ऐकू येतो; 'त' की 'ट' हे मात्र निसटते. ज्याची घरची बोली कोंकणी व शाळेची भाषा मराठी, अशा आपल्यासारख्यांना तर कान अधिकच तल्लख हवा. शुद्धलेखनातील किती चुका हाताच्या असतात आणि किती कानाच्या, याचा विचार करण्याजोगा आहे.

याच शहरातील दुसरे एक उदाहरण धीर देणारे आहे. एका शाळेच्या जवळून उंचावरील लोहमार्गाने गाड्या जात. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या विदुषींनी १९७५ साली दाखवून दिले की, लोहमार्गाकडील वर्गांत बसणारी मुले त्याच शाळेतील शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडत होती आणि सहाव्या इयत्तेपर्यंत हे अंतर सुमारे वर्षभराचे होई. पुढे रुळांखाली रबराचे तुकडे बसविण्यात आले व वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारे आच्छादन लावण्यात आले. त्यानंतरच्या, १९८१ सालच्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांतील तो फरक उरला नव्हता. तात्पर्य, हानी खरी आहे आणि उपायही खरा आहे.

आता उपायांकडे वळण्यापूर्वी आवाजाच्या मापाविषयी दोन शब्द. आवाज डेसिबेल या मापात मोजतात. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून हे नाव पडले. हे माप फुटपट्टीसारखे नाही. दहा डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दसपट वाढ; वीस डेसिबेलची वाढ म्हणजे शंभरपट; तिसांची म्हणजे हजारपट. कानाला मात्र दहा डेसिबेलची वाढ सुमारे दुप्पट मोठ्या आवाजासारखी भासते. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविलेली निजण्याच्या खोलीतील मर्यादा ३० डेसिबेलची आहे. बाहेरून आत येताना आवाज किती घटला पाहिजे, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येईल.

रस्त्याचा आवाज घरात येतो तो कोठून? आपल्याकडील जुनी घरे चिऱ्यांची. त्यांची भिंत चांगली जाड आणि वजनदार असते. भिंत जितकी जड तितकी ती ध्वनीने कमी हलते. आणि जे हलत नाही त्यातून ध्वनी पलीकडे जात नाही. तेव्हा गिलावा केलेल्या चिऱ्यांच्या भिंतीविषयी चिंता नको. आवाज शिरतो तो खिडकीतून. कोंकणीत आपण जिला 'जनेल' म्हणतो, तो पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द आहे; आणि त्या काळच्या काही खिडक्या अद्याप जुन्या वाड्यांत पाहावयास मिळतात. त्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रे लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसविलेले असत. ऊन सौम्य होऊन आत यावे, यासाठी ती रचना उत्तम होती. पण पापुद्रा हलका आणि प्रत्येक सांध्याला फट. त्यामुळे आवाज अडविण्याचे काम तिच्याकडून होण्यासारखे नव्हते. त्या काळी त्याची गरजही नव्हती.

या 'फट' शब्दापाशी आपण थांबू या, कारण सर्व विषयाचे मर्म येथेच आहे. एक उदाहरण गणिताने सोडवू. समजा, एक खिडकी १२० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच आहे. तिचे क्षेत्रफळ १२,००० चौरस सेंटिमीटर. तिला दोन झडपा आहेत. चारही कडांची लांबी ४४० आणि दोन झडपा जेथे मिळतात त्या रेषेची १००, मिळून ५४० सेंटिमीटर. या सर्व लांबीत सरासरी दोन मिलिमीटरांची फट राहिली असे धरा; जुन्या लाकडी खिडकीत पावसाळ्यात लाकूड फुगून आणि उन्हाळ्यात आकसून इतकी फट सहज पडते. फटीचे एकूण क्षेत्रफळ झाले १०८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे खिडकीच्या सुमारे शतांश. सारी फट एकत्र केली तर तळहाताएवढे भोक होईल!

आता पाहा. खिडकीवर पडलेल्या ध्वनीचे १००० भाग कल्पा. चांगली बसविलेली चार मिलिमीटर जाडीची काच आवाज सुमारे तीस डेसिबेलांनी कमी करते. म्हणजे ती हजारातील एकच भाग आत सोडते. फट मात्र आपल्यावर पडलेला सारा ध्वनी आत सोडते. तिचे क्षेत्र शतांश, म्हणून तिच्यातून हजारातील दहा भाग आत येतात. एकूण अकरा भाग आत आले. त्यांतील दहा फटीतून आणि एक काचेतून. अशा स्थितीत एखाद्या गृहस्थाने पुष्कळ पैसे खर्चून जाडजूड काच बसविली आणि तिच्यातून काहीच आवाज येत नाही असे मानले, तरी अकराचे दहा होतील. हा फरक अर्ध्या डेसिबेलहूनही कमी असल्याने त्याच्या कानाला तो कळणारसुद्धा नाही. उलट, काच तीच ठेवून फटीच दशांशाने उरतील इतक्या बुजविल्या, तर फटीतून एक भाग आणि काचेतून एक भाग, असे दोनच भाग आत येतील. अकराचे दोन होणे म्हणजे सात डेसिबेलांहून अधिक घट. पहिल्या उपायाला काचवाला लागतो. दुसऱ्याला रबरी पट्टीचे एक वेटोळे आणि रविवारची एक सकाळ पुरते. प्रत्यक्षातील आकडे खिडकीगणिक थोडे वेगळे येतील. परंतु आधी फट आणि मग काच, हा क्रम बदलणार नाही.

फटी शोधण्याचे साधन देवघरात आहे. वाऱ्याच्या वेळी खिडकी बंद करून, पडदे दूर सारून, पेटलेली उदबत्ती तिच्या कडेकडेने सावकाश फिरवा. जेथे धूर वाकतो तेथे फट. दुसरी रीत अशी की, कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा व पट्टी ओढून पाहा. ती सहज निसटली तर तेथे झडप चौकटीला टेकत नाही. झडपेच्या कडेला चिकटणारी रबरी पट्टी लावावी; चौकट आणि भिंत यांमधील भेग सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरावी; काचेभोवतीची पुट्टी वाळून गळाली असेल तर नवी भरावी; सैल झालेली बिजागरी सुताराकडून नीट करून घ्यावी. झडप दाबून बसविणारी कडी असल्यास उत्तम. हल्ली सर्रास दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या या बाबतीत दुबळ्या असतात; त्या सरकाव्यात म्हणून त्यांत जागा ठेवावीच लागते. नवे घर बांधणाऱ्याने रस्त्याकडील बाजूस बिजागरीवर मिटणारी आणि रबरी कड असलेली खिडकी घ्यावी.

फटी बुजल्यानंतर काचेचा विचार करावा. काचेचे दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलोग्रॅम वजन असते. वजन दुप्पट केले तर आवाज आणखी पाच-सहा डेसिबेलांनी घटावा, असा सामान्य नियम आहे. प्रत्यक्षात थोडी कमीच घट मिळते. याचे कारण असे की, प्रत्येक काचेला एक विशिष्ट उंचीचा सूर असतो आणि त्या सुराला ती फार सहज हलते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून केलेली लॅमिनेटेड काच हे हलणे आवरते. म्हणून तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती आवाज अडविण्यात सरस ठरते.

याहूनही मोठा लाभ हवा असेल तर जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूस दुसरी खिडकी बसवावी. दोहोंमधील हवेचे अंतर दहा सेंटिमीटर किंवा अधिक असावे; दोन्ही काचांची जाडी भिन्न असावी, म्हणजे दोघी एकाच सुराला हलणार नाहीत. कारखान्यातून जोडून येणाऱ्या दुहेरी काचेत हे अंतर बारा मिलिमीटरांच्या आसपास असते. ती उष्णता अडविण्यासाठी चांगली. पण मालमोटारीच्या खर्जातील घरघरीपुढे एकेरी काचेहून ती फारशी सरस ठरत नाही. आपल्या चिऱ्यांच्या घरांना येथे एक सोय आपोआप लाभली आहे. भिंत जाड असल्याने खिडकीच्या आत जो रुंद कट्टा राहतो, त्यावर दुसरी चौकट सहज बसते. अशी जोडखिडकी नीट केली तर चाळीस डेसिबेलांपर्यंत घट मिळू शकते. रस्त्यावर रात्री ६५ डेसिबेल आवाज आहे असे धरले, तर फटींच्या खिडकीमागे तो ४५च्या, फटी बुजविल्यावर ३८च्या आणि जोडखिडकीमागे २५ ते ३०च्या आसपास येईल. मात्र छप्पर कौलांचे असून खाली तक्तपोशी नसेल, तर कौलांच्या सांध्यांतून येणारा आवाज शिल्लक राहील. तेथे केवळ खिडकीवर खर्च करून भागणार नाही.

काही समजुतीही तपासून पाहिल्या पाहिजेत. जाड पडदा लावला की आवाज येत नाही, असे पुष्कळांना वाटते. पडदा खोलीतील प्रतिध्वनी शोषतो, त्यामुळे खोली जरा मवाळ वाटते. पण त्यातून हवा जाते तसा ध्वनीही जातो. अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या ताटल्या भिंतीला चिकटविण्याचेही तसेच. घरापुढे झाडांची एक रांग लावावी. सावलीसाठी, धुळीसाठी आणि मनाच्या समाधानासाठी ती अवश्य लावावी, परंतु तिने आवाज फारसा अडत नाही. कुंपणाची भरीव भिंत मात्र उपयोगी पडते. अट एवढीच की, खिडकीत बसल्यावर रस्त्यावरील वाहने तिच्याआड दडली पाहिजेत. इतके साधले तर सुमारे पाच डेसिबेलांचा लाभ होतो. वरच्या मजल्याला तो मिळणार नाही, हे उघड आहे.

येथे तुमची आई एक रास्त प्रश्न विचारील : "खिडक्या बंद करून बसायचे, तर वारा कोठून येणार?" आपल्या दमट हवेत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्धवट उघडी खिडकी आवाज फार तर दहा-पंधरा डेसिबेलांनी कमी करते. वारा आणि शांतता एकाच खिडकीकडून मिळत नाहीत. म्हणून कामाची वाटणी करावी. रस्त्याकडील खिडक्या रात्री पक्क्या मिटाव्यात आणि परसाकडील किंवा राजांगणाकडील उघडाव्यात. घर स्वतःच मोठ्या भिंतीसारखे मध्ये उभे असल्याने मागील अंगाला आवाज पुष्कळच कमी असतो. निजण्याची आणि अभ्यासाची जागा मागे हलवावी, बैठक पुढे ठेवावी. या उपायाला एक पैसाही लागत नाही. केवळ कपाटे आणि खाटा इकडच्या तिकडे कराव्या लागतात. एक सावधगिरी मात्र विसरू नये : जेथे गॅसची शेगडी किंवा चूल पेटते, ती खोली हवाबंद करणे प्राणाशी खेळण्यासारखे आहे. स्वयंपाकघराचे झरोके कधीही बुजवू नयेत.

एवढे केल्यावरही खिडकी ही ढालच राहते. घाव घालणारा हात रस्त्यावर असतो. मोटार वेगात असली की तिच्या यंत्रापेक्षा टायरांचाच आवाज मोठा होतो. म्हणून वस्तीत वेग कमी ठेवणे हीसुद्धा शेजाऱ्याच्या झोपेची काळजी आहे. भोंग्याविषयी तर कायदाच आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवती किमान शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. २०१० साली झालेल्या दुरुस्तीने अशा क्षेत्रांत, तसेच निवासी भागात रात्रीच्या वेळी, आणीबाणीखेरीज भोंगा वाजविण्यास मनाई केली आहे. घरासमोर भोंगा वाजवून आतल्या मित्राला बाहेर बोलावणारा आपल्यापैकीच कोणी असतो. त्याच्या एका हाकेने त्या आळीतील किती अभ्यास मोडतात, याचा हिशेब त्याने एकदा करावा.

शेवटी तुमच्यासाठी एक उद्योग सुचवितो. मोबाईलवर आवाज मोजण्याचे साधन उतरवून घेता येते. त्याचे आकडे पूर्णतः बिनचूक नसतात. पण एकाच यंत्राने घेतलेल्या दोन मोजण्यांची तुलना करण्यास ते पुरतात. रात्री ठरावीक वेळी पाच-पाच मिनिटे खिडकी उघडी असताना, ती बंद असताना आणि फटी बुजविल्यानंतर, अशा तीन नोंदी करा. तिन्ही वेळी मोबाईल एकाच जागी ठेवा. वहीत तक्ता मांडा आणि विज्ञानाच्या गुरुजींना दाखवा. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आखावा, अशी भाषाशिक्षक म्हणून माझी विनंती आहे. त्या त्या स्थितीत घरातील कोणाकडून तरी दहा अनोळखी शब्द शुद्धलेखनासाठी सांगवून घ्या आणि किती बरोबर लिहिले ते त्या रकान्यात नोंदवा. प्रत्येक वेळी शब्द नवे हवेत. मग घरातील धाकट्या भावंडांची अभ्यासाची जागा कोठे असावी, हे तुमच्या वहीतील दोन रकानेच वडिलांना सांगतील.